पितळी वाटीवरचे तीन ठिपके

बारामती, शनिवार, ता. २८ सप्टेंबर १९५७. आकाश निरभ्र. सकाळी साडेसातला डॉक्टर इंदापूरला निघाले. लासुर्ण्याच्या पुढे मोटार बंद पडली, या महिन्यात तिसऱ्यांदा. शेतकऱ्याने बैल लावून ती रस्त्याकडेला घेतली. डॉक्टर एस. टी.ने इंदापुरास पोचले तेव्हा साडेअकरा वाजले होते. नरसिंहपूरहून गाडीबैलाने आलेली बाळंतीण तोवर दवाखान्याच्या ओट्यावर ताटकळत होती. दुपारी कुंडलिक मिस्त्रीने मोटार ट्रकला बांधून आमच्या दारात आणून सोडली. सोमवारी त्याच्या शेडवर नेणार. दोन अंडी फुटली. कपड्यांचा साबण संपत आला.

ही नोंद माझ्या हातची आहे. बाराव्या वर्षापासून मी रोज रोजनिशी लिहीत आले. पुण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली ही सवय माझे यजमान, डॉक्टर, वारल्यावरही सुटली नाही. कोण आले, कोण गेले, काय शिजले, काय बिघडले, सगळे त्या वह्यांत सापडते. मात्र त्या दसऱ्याच्या आठवड्यात मी कुंडलिक मिस्त्रीशी जे वागले ते कुठल्याही वहीत नाही. गेल्या पौषात तो वारला, म्हणून आता लिहिते.

त्या काळी बारामतीत खाजगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांतली आमची सर्वांत जुनी: विलायती, काळी, चार दारांची, आमच्याकडे येण्याआधी दोन धन्यांकडे राबलेली. डॉक्टरांचा एक दवाखाना बारामतीत आणि दुसरा इंदापुरात. मंगळवारी आणि शनिवारी ते इंदापूरला जात. मोटार बिघडली की तिकडचे रोगी ओट्यावर बसून राहत, आणि इकडे मी.

मोटारवाले एकत्र जमले की बोलणे एकाच विषयावर येई: मिस्त्री आपले सामान बदलतो. एक वकील बॉनेटला कुलूप लावून गाडी दुरुस्तीला पाठवत. पुढे किल्ली हरवली तेव्हा ते कुलूप तोडायला त्यांना मिस्त्रीलाच बोलवावे लागले. आमचे शेजारी जोतीराम तात्या कालव्याच्या पाण्यावर वांगी, टोमॅटो आणि पेरू काढत. दोन वर्षांपूर्वी त्यांनीही एक जुनी मोटार घेतली होती. रक्तदाब तपासायला आले की आमच्या व्हरांड्यात बसून ते मला शहाणे करत.

"वैनी, मोटार दिली म्हंजी आपून तितं स्टूल टाकून बसायचं. चा प्यायला उठलं की गेलं सामान."

"पण कुंडलिक मोडलेला पार्ट कागदात गुंडाळून परत देतो, तात्या."

"अवो, त्यो दुसऱ्या कुनाच्या गाडीचा आसतुया! ह्या गाडीचं काळीज काढायचं नि त्या गाडीच्या छातीत बसवायचं. डॉक्टरला न्हाय जमत ते ह्या कुंडलिकाला जमतंय."

ते मोठ्याने हसत. मी हसत नसे, कारण गेल्या महिन्यापासून तात्यांची मोटार फार छान चालत होती, आणि आमची बंद पडत होती. दोन्ही मोटारी एकाच शेडमध्ये जात होत्या.

माझ्या परीने मी सावध होतेच. मोटारीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले होते. डॉक्टरांनी ते कधी उघडलेही नाही. पंपावरच्या पेट्रोलवर माझा विश्वास नव्हता, म्हणून डब्यातले पेट्रोल मी टाकीत ओतण्याआधी मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यायला लावत असे.

कुंडलिक मूळचा जळोचीचा. अंगाने वाळका, कान मोठे, वय चाळिशीच्या आत. पोरपणी विहिरींवरच्या तेलाच्या इंजिनांशी खेळत शिकला, मग लढाईच्या काळात पाच वर्षे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये होता. इंदापूरच्या रस्त्याला लिंबाखाली त्याची पत्र्याची शेड होती. इंजिन चालू करून तो लाकडी मुठीच्या पेचकसाचे टोक त्याला लावी, मूठ कानाला लावी आणि डोळे मिटून उभा राही. ओठ हलत, जसा कुणाशी बोलतोय. काय बिघडलेय असे विचारले तर एकच उत्तर: "उगडल्याबिगर कसं सांगू, बाई?" आणि उघडायचे ते त्याच्या शेडमध्ये, आपल्या डोळ्यांआड. मला ते खटके.

रविवारी सकाळी तो आला तो वेगळ्याच कामासाठी. इंदापूरच्या बाजूला नवा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता आणि गळिताच्या आधी तिथल्या वर्कशॉपला फिटर हवे होते.

"पुढल्या सोमवारी हातकाम बगणारेत," तो डॉक्टरांना म्हणाला. "कानस चालवून दावायची, इंजिन उगडून जोडून दावायचं. आन् दोन वळखीच्या मानसांची चिठ्ठी लागती. एक गावच्या सोनबा मास्तरांनी दिली. दुसरी तुमची मिळाली तर..."

"शेड सोडणार का?" मी विचारले.

"शेडीची जागा दुसऱ्याची हाय, बाई. दिवाळीपातूर खाली करा म्हनतोय. मंग रस्त्यावं बसून मोटारी उगडू का? फुलाबाई दुसऱ्याच्या कांद्यात खुरपाया जाती. दोन पोरी हायत. ही नोकरी घावली तर घावली, न्हायतर हाय ते बी जातंय."

डॉक्टर लगेच म्हणाले, "देतो की. आज-उद्या नेऊन टाक."

डॉक्टरांची इंग्रजी पत्रे मी लिहीत असे. त्यांचे अक्षर कंपाउंडरलाही लागत नसे. ते फक्त सही करत. तो गेल्यावर मी म्हणाले, "थांबा दोन दिवस. मला आधी एक बघू दे."

"काय बघणार?"

"ते मी बघेन."

कॉन्व्हेंटमध्ये आमचे कपडे धोब्याकडे जात तेव्हा त्यांवर खूण करायला बिब्बा वापरत. बिब्ब्याचा काळा रस एकदा लागला की धुण्याने जात नाही. माझी खूण तीन ठिपके होती. आठ वर्षांत माझा एक रुमालही हरवला नाही. त्या रविवारी संध्याकाळी डॉक्टर फिरायला गेल्यावर मी बॉनेट उघडले. पुस्तकातल्या चित्रावरून कार्बोरेटर शोधला, म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा एकत्र होतात तो भाग. त्याच्या तळाशी पेट्रोल साठणारी पितळेची वाटी असते. सगळ्यांत मोलाचा आणि सहज काढता येणारा भाग तोच, असे पुस्तकात होते. बिब्बा समईच्या ज्योतीवर तापवला, सुईने टोचला आणि वाटीच्या बुडाला तीन ठिपके दिले. डायनामोच्या लोखंडी अंगावरही तीन दिले. बिब्बा अंगावर उततो, फोड येतात, हे मला ठाऊक होते, म्हणून आधी माझ्या हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळून घेतले होते. काम झाल्यावर दोनदा हात धुतले.

दुसऱ्यांच्या हातांचे माझ्या मनातही आले नाही.

सोमवारी मोटार शेडवर गेली. मंगळवारी डॉक्टर एस. टी.ने इंदापूरला गेले. बुधवारी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारे पूजेत ठेवतात, त्यांना कुणी हात लावत नाही, म्हणून मोटार शेडमध्येच राहिली. मला त्यातही डाव दिसला. एक दिवस जास्त!

दसऱ्याला सकाळी कुंडलिक मोटार घेऊन आला. पुढच्या जाळीला झेंडूचा हार, दारांना आंब्याचे डहाळे. इंजिनाचा आवाज शांत, एकसारखा.

"जेटमदी सूत घावलं, बाई," त्याने उतरताच सांगितले. जेट म्हणजे ज्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल येते ते.

"सूत? ते कुठून येणार?"

"बारीक होतं. फडक्याचं. पेट्रोल कशातनं गाळता का?"

"स्वच्छ मलमलीतून गाळते."

"तीच मलमल जाऊन बसली की मंग तितं!" तो हसला. "लय येळा गाळलं म्हंजी बी आडतंय."

मला राग आला. स्वतःची लबाडी झाकायला हा माझ्या फडक्यावर खापर फोडतोय, असे वाटले. मी आत जाऊन हळदीकुंकवाची तबकडी आणली. मोटारीची पूजा करते म्हणून बॉनेट उघडायला लावले आणि खाली वाकले. डायनामोवर माझे तीन ठिपके जसेच्या तसे होते. पितळी वाटी मात्र नव्या नाण्यासारखी चकचकीत, आणि तिच्या बुडाला काहीही नाही.

"ही वाटी आमचीच ना, मिस्त्री?"

"मग कुनाची आसनार?"

हे बोलताना तो मनगट खाजवत होता आणि माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होता. चोराची सगळी लक्षणे मला तेवढ्यात दिसली.

"डॉक्टरसायबांची चिठ्ठी झाली का, बाई?"

"डॉक्टर बाहेर गेलेत," मी म्हणाले. डॉक्टर आत सदरा घालत होते.

तो गेल्यावर मी त्यांना सांगितले, "मी पत्र लिहिणार नाही. वाटी बदललीय."

"तुला कसं कळलं?"

"माझी खूण होती."

कसली खूण, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. ते एवढेच म्हणाले, "मी त्याला शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात. अक्षर माझं आहे. चोराला मी प्रामाणिक म्हणून लिहून देणार नाही."

दुपारी जोतीराम तात्या सोने द्यायला आले. मी त्यांच्या मोटारीकडे अशी बघत होते की ते म्हणाले, "काय वैनी, दृष्ट लावता काय आमच्या गाडीला?"

शुक्रवारी दुपारी जेवताना डॉक्टर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "कुंडलिक आला होता दवाखान्यात. दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेत. पाण्याचे फोड. डावा डोळाही बंद व्हायला आलाय. म्हणतो, ब्याटरीचं ॲसिड लागलं. मी म्हटलं, बाबा, ॲसिड असं पसरत नाही. हा बिब्बा उतलाय तुला. आता मला सांग, मोटारीच्या मिस्त्रीच्या हाताला बिब्बा कुठून लागणार?"

"ताक वाढू का?" मी विचारले.

"नको. सोमवारी कानस कसा धरणार कोण जाणे. बोटं मिटत नाहीत त्याची."

मी ताकाचे भांडे उचलून आत नेले. तरी खरे सांगायचे तर त्या क्षणीही माझा संशय गेला नव्हता. वाटी चोरायला काढतानाही बिब्बा हाताला लागू शकतो, असे मी मनाशी म्हणत होते. वाटी बदलली, हात सुजला, दोन्ही खरे असू शकते. नुसता अंदाज करून चालणार नव्हते. जाऊनच बघायला हवे होते.

शनिवारी डॉक्टर इंदापूरला गेल्यावर मी टांगा करून जळोचीला गेले. बरोबर खोबरेलाची बाटली घेतली होती. कुंडलिक दाराशी बाजेवर बसला होता, हात मांडीवर उताणे ठेवून. फोड फुटून लाल झाले होते. एक डोळा मिटलेला. त्याची बायको फुलाबाई मिरच्या निवडत होती. मला बघून ती उठली, पण हसली नाही.

"चिठ्ठी आनली का, बाई?" कुंडलिकने विचारले.

"आधी हात दाखवा. हे कसं झालं?"

त्याच्याआधी फुलाबाई बोलली. "कसं व्हनार? तुमच्याच वाटीपायी! खंडेनवमीला शेडीत जेवढं सामान उगडून पडल्यालं आसतं तेवढं हे पुजतात, गिऱ्हाइकाचं बी. दर वर्षीचं हाय. मंगळवारी समदं घासाया काढलं. तुमच्या वाटीच्या बुडाला तीन काळं डाग होतं. निघंनात. म्हनलं ऱ्हाऊ द्या. तर म्हनत्यात, पूजेत डागाची वाटी कशी ठिवायची? रॉकेल लावलं, विटकर लावली, चिंच लावली. तासभर घासत बसलं. मलाबी घासाया लावलं, ह्ये बगा." तिने आपली दोन बोटे पुढे केली. त्यांवरही फोड होते.

तीन काळे डाग. ते माझ्याशिवाय जगात कुणाला माहीत नव्हते. आता या दोघांना माहीत होते, कारण वाटी आमचीच होती आणि ती चोरायची सोडून यांनी ती देवापुढे ठेवली होती.

"ते डाग बिब्ब्याचे होते," मी म्हणाले. "मी लावले होते."

कुंडलिकने उघडा डोळा माझ्याकडे वळवला. "वाटीला? कशापायी?"

"खूण म्हणून."

"कसली खूण?"

 फुलाबाईला मात्र लगेच उमगले.

"धोबी धुन्यावं घालतो तसली व्हय?" तिने मिरच्यांचे सूप खाली आपटले. "म्हंजी आमी तुमचं धुनं चोराया आलतो तर! आवो, कागदात बांदून मोडकी पार्टं माघारी आनून देतोय ह्यो मानूस. त्येच्या चुलत्यानं बी म्हनलं हुतं, यवडं इमान नगो दावू, लोक उलटा संशय घेत्यात."

"फुले, गप," कुंडलिक म्हणाला. मग त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "मला वाटलं, जळल्यालं वंगन हाय. म्हनून जोर लावला." आणि मग, "चिठ्ठी आता नगं, बाई. तितं हात बगत्यात."

मी खोबरेल पुढे केले. फुलाबाईने ते माझ्या हातून घेतले नाही. बाजेच्या पायाशी ठेवायला सांगितले.

संध्याकाळी डॉक्टर परतले. मोटार इंदापूरला जाऊन येईपर्यंत एकदाही थांबली नव्हती. मी त्यांना सगळे सांगितले. ते ओरडले असते तर बरे झाले असते. पायांतले बूट काढून त्यांनी ते जागेवर ठेवले आणि म्हणाले, "पत्रात लिही."

"काय?"

"हेच. हातांना काय झालंय आणि कुणी केलंय. नाहीतर त्याला खरूज समजून फाटकातूनच हाकलतील."

रविवारी मी ते पत्र चार वेळा लिहिले. पहिल्या तीन वेळा 'अनवधानाने' असा शब्द आला होता. चौथ्या वेळी तो काढला. इंग्रजीत स्वतःविषयी असे लिहायला मला कुणी शिकवले नव्हते.

सोमवारी आम्ही तिघे मोटारीने कारखान्यावर गेलो. कुंडलिक पुढे डॉक्टरांशेजारी, हात स्वच्छ फडक्यात गुंडाळलेले. निघण्याआधी मी त्याला पत्र मराठीत वाचून दाखवले होते. तो फक्त "बरं" म्हणाला. वाटेत तो डॉक्टरांना दोनदा म्हणाला, "गेर बदला, साहेब." 

वर्कशॉपचा फोरमन बाहेरगावचा होता, पांढऱ्या मिशांचा. त्याने पत्र दोनदा वाचले, मग माझ्याकडे पाहिले, मग कुंडलिककडे.

"यात काय लिहिलंय ते माहीत आहे तुला?"

"व्हय. बाईंनी वाचून दावलं."

"आणि तरी यांच्याच मोटारीतून आलास?"

"मोटार माझ्या हातची हाय, साहेब," कुंडलिक म्हणाला. "तिच्यावं माझा भरवसा हाय."

फोरमन हसला. मी जमिनीकडे पाहिले. कोपऱ्यात एक इंजिन चालू होते, त्याकडे बोट दाखवून त्याने काय दुखतेय ते सांगायला सांगितले. कुंडलिकने पेचकस दोन तळव्यांमध्ये धरला, कारण बोटे मिटत नव्हती, आणि मूठ कानाला लावली. ओठ हलले. मग तो म्हणाला, "तिसऱ्या शिलिंडरचा व्हाल्व. आन् पंख्याची बेरिंग सुकलीय, पर ते तुमी इचारलं न्हाय."

दोन्ही बरोबर निघाले. तरीही नियम नियमच होता: ज्याने कानस चालवून दाखवली त्यालाच फिटर म्हणून घ्यायचे. दुसऱ्या दोघांनी दाखवली. कुंडलिकला त्या हंगामापुरते मदतनीस म्हणून घेतले.

तीन हंगाम तो मदतनीस राहिला, फिटरने सांगितलेले नट आवळत. चौथ्या वर्षी फिटर झाला आणि पुढे तिथेच निवृत्त झाला. पोरी उजवल्या. फुलाबाई पुढेही खुरपायला जात राहिली, आणि बाजारात भेटली की माझ्याशी बोले, पण भाजीच्या भावापलीकडे नाही. हप्त्याच्या सुट्टीला कुंडलिक आमची मोटार बघायला येई. डॉक्टरांनी ती विकेपर्यंत दुसऱ्या कुणी तिला हात लावला नाही. दर वेळी बॉनेट लावण्याआधी तो मला हाक मारी: "बाई, बगून घ्या." मी जाऊन वाकून बघत असे. त्याचा मान राखायला बघत असे, असे मला म्हणता आले असते. पण मी नीट बघत असे.

त्या सोमवारी, ता. ७ ऑक्टोबर १९५७ च्या पानावर, कारखान्याविषयी एक अक्षर नाही. संध्याकाळी लिहिलेली नोंद एवढीच आहे: गहू उन्हातून आत घेतले. एका पोत्याला उंदराने भोक पाडले आहे. उद्या शिवायचे.